घर दोघींचं, कागद एकीचा

मी, पुतळाबाई कडुबा गाडेकर, वय सत्तावन्न, आधी कारखान्यात मजूर व आता घरी शिवणकाम करणारी, राहणार चितेगाव, तालुका पैठण, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं आहे, डोक्याचं काही सांगितलेलं नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. कुणाची जबरदस्ती नाही, कुणी भरीस घातलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मला मूलबाळ नाही. पती कडुबा कारखान्यावर रखवालदार होते, ते वारले. ते मला कधी वाकडं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या नावानं इथं लिहून ठेवते.

एक. घराबाबत. चितेगावातलं घर, दोन खोल्या व मधे स्वयंपाकघर, कागदोपत्री माझ्या एकटीच्या नावावर आहे. खरं पाहता ते दोघींचं आहे. दुसरी म्हणजे लीलाबाई मोतीराम साळवे, वडिलांचंच नाव लावणारी माझी लहानपणापासूनची मैत्रीण. आम्ही एकाच कारखान्यात पॅकिंगला होतो. जागा घ्यायला दोघी गेलो, तेव्हा मालकानं लीलाला आडनाव विचारलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, की तुम्हाला देतो, पण त्यांच्या नावावर करणं जमणार नाही, शेजारी ओरडतील. मी उठून निघाले होते. लीलानंच हाताला धरून बसवलं.

"कागदावर तुझंच नाव घाल," ती म्हणाली. "छप्पर तर दोघींच्या डोक्यावर येईल."

पैसे निम्मे तिचे होते, आणि विटा वाहिल्या त्या माझ्यापेक्षा तिनंच जास्त. म्हणून माझ्यामागे रस्त्याकडची खोली लीलाच्या मालकीची राहील, व तिच्यामागे तिची मुलगी संघमित्रा हिची. यात मी देते असं काही नाही. तिचं तिच्याकडे जातं.

दोन. मागची खोली माझा भाऊ सूर्यभान याचा मुलगा बन्सी यास मिळावी. स्वयंपाकघर सामाईक राहील. त्यात भिंत घालू नये, पडदाही लावू नये.

बन्सीला हे आधी पसंत नव्हतं. "आत्या, आपलं घर आपल्यात राहू दे. लोक काय म्हणतील?" असं तो म्हणाला. तो गुणी पोरगा आहे, पण ती वर्षं त्यानं पाहिलेली नाहीत. मी त्याला समोर बसवून जे सांगितलं ते इथंही लिहिते, म्हणजे त्याच्या लेकरांनाही वाचता येईल.

आमचं गाव फुलंब्रीच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, तिथं आता नवी पिढी नांदते. वडील सांडू मेंढ्या राखायचे. आमचा मेंढवाडा गावाबाहेर आणि लीलाची वस्ती त्याच्या पलीकडे, म्हणून आमची गट्टी जमली. मी शाळेत जात नव्हते, ती जायची. मेंढ्यांमागे बसून तिनं मला धुळीत बोटानं अक्षरं शिकवली. तिचे वडील मोतीराम चिकलठाण्याच्या कारखान्यात होते. इस्त्रीचा सदरा घालून सायकलवर जायचे. तो सदरा गावात काहींना खुपतो, हे मला फार उशिरा कळलं. माझी आई आवडाबाई लीलाच्या ओंजळीत पाणी वरून ओतायची. लीलाची आई लक्ष्मीबाई सणाला काही गोड द्यायच्या, ते आई पदराला बांधून आणायची आणि मेंढीला घालायची. मला वाटायचं, आईला गोड आवडत नाही.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाडा पेटला. आमच्या घरात विद्यापीठ म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. नाव बदललं की इमारत पडते का, असं मी वडिलांना विचारलं. ते नाय म्हणाले. मग लोक का चिडलेत, असं विचारलं तेव्हा ते मेंढ्या मोजायला उठले.

एका दुपारी वस्तीतून धूर निघाला. मोतीराम, लक्ष्मीबाई आणि लीला पळत आमच्या मेंढवाड्यात आले. वडिलांनी त्यांना कोकरांच्या खोपटात बसवलं. मागोमाग सर्जेराव आले, बरोबर गावातली पोरं, हातात काठ्या. सर्जेरावांची जमीन मोठी. खतासाठी आमच्या मेंढ्या त्यांच्याच शेतात बसायच्या आणि त्यावर आमच्या घरात धान्य यायचं. मोतीराम इकडं आला का, असं त्यांनी वडिलांना विचारलं. वडील काठीनं माती उकरू लागले. तेव्हा आई उठली आणि खोपटाच्या दारात आडवी उभी राहिली.

"सूर्यभानाला गोवर निघालाय. परक्याची सावली चालत नाय," ती म्हणाली. "देवीचा कोप घ्यायचा असंल तर या आत."

सूर्यभान तेव्हा मामाच्या गावाला होता. मी आईच्या तोंडाकडे बघत राहिले. पोरं मागं सरली. सर्जेराव जरा वेळ थांबले, मग तेही वळले.

आईनं आपल्या पितळी तांब्यानं लक्ष्मीबाईंना पाणी दिलं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला, आईनं लावू दिला. दिवस कलल्यावर वडील तिघांना आडवाटेनं शहराच्या रस्त्याला लावून आले. इकडं आई राख घेऊन तो तांब्या घासत बसली. का घासतेस, असं मी विचारलं. "सवय हाय," एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी माझं लहानपण संपलं, असं मी धरते. तिघांचा जीव वाचवणारी तीच आणि तांब्या घासणारीही तीच. मला तिचा राग येत होता आणि तिला सोडून कुठं जावंसंही वाटत नव्हतं.

गोवराची गोष्ट खोटी होती हे गावाला कळलंच. मेंढ्या कुणी शेतात बसू देईना, दुकानदार मीठ देईना. वडिलांनी मेंढ्या विकल्या. पैठण रोडला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, म्हणून आम्ही चितेगावला मजुरीला आलो. काही वर्षांनी पॅकिंगच्या रांगेत माझ्या समोर एक बाई येऊन उभी राहिली. मान वर करून पाहते तर लीला. त्या दिवशी आमच्या हातून किती खोकी वाकडी बांधली गेली, सुपरवायझरलाच माहीत.

चौऱ्याण्णव साली संक्रांतीला विद्यापीठाला नाव लागलं. पुढच्या रविवारी लीला, लक्ष्मीबाई, मी आणि आई बघायला गेलो. आईला वाचता येत नव्हतं, लीलानं दरवाजावरचं नाव वाचून दाखवलं. आईनं मान वर करून पाहिलं.

"एवढ्यासाठी घरं जाळली व्हय?" तिनं विचारलं.

लक्ष्मीबाईंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. माझं लक्ष आईच्या पदराकडे गेलं. तिनं तिळगूळ तोंडात टाकला, आणि अजून एक मागून घेतला.

बन्सीनं हे सगळं ऐकलं आणि निघून गेला. पंधरवड्यानं परत आला, लीलाकडे भाकरी मागून जेवला, आणि जाताना दारात मला म्हणाला, "आत्या, या कागदाची अंमलबजावणी करणारा म्हणून माझंच नाव घाल." त्याप्रमाणे घालत आहे.

तीन. आईचा पितळी तांब्या लीलानं घ्यावा. तो बुडाशी गळतो, कासाराकडून डाग देऊन घ्यावा. वडिलांची लोकर कातरायची कातर आणि काळी घोंगडी बन्सीला. घोंगडी वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये, हे त्याच्या बायकोलाही सांगावं.

चार. शिलाई मशीन सर्जेरावांच्या नातीला द्यावी. ती इथं कारखान्यात लागली तेव्हा तिला खोली मिळेना, म्हणून वर्षभर आमच्याकडे राहिली. ठेवायची की नाही हे मी लीलावर सोपवलं होतं. पोरीनं काय केलंय, असं लीला म्हणाली. नातीला भेटायला सर्जेराव आले, फार थकलेले होते. लीलानं चहा दिला. त्यांनी ही कुणाची कोण विचारलं, तिनं वडिलांचं नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं चहा शेवटपर्यंत प्यायला आणि कप स्वतः मोरीत नेऊन विसळला. माफीचा शब्द काढला नाही, आम्हीही मागितला नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आता वैर नाही. नात मात्र मशीनवर हात फार छान चालवते.

पाच. बँकेतली ठेव दवाखान्याचा खर्च भागवून उरेल ती संघमित्रा आणि बन्सीची मुलगी यांना सारखी मिळावी. ज्यानं आम्हाला जागा विकली त्या मालकाला माझ्या तेराव्याचं बोलावणं धाडू नये. तो गोडाचं जेवण आवडीनं जेवतो हे मला ठाऊक आहे. एवढं वैर मी राखून ठेवते.

सहा. लीलाला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगितलं तर नको म्हणेल. आत्ता ती स्वयंपाकघरातून विचारते आहे, की सकाळपासून काय एवढं लिहितेस, भाकरी निवायला लागली. शिलाईचं माप मांडते आहे असं तिला सांगितलं आहे. मला भूक लागली आहे आणि सांगायचं होतं ते सांगून झालं आहे. वर लिहिलेलं मी पुन्हा वाचून पाहिलं, ते बरोबर आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांना आत बोलावून त्यांच्यासमोर सही करते.

सही : पुतळाबाई कडुबा गाडेकर

पुतळाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्या समोर.
साक्षीदार : मल्हारराव हाके, राहणार चितेगाव (सही)
साक्षीदार : दगडाबाई बनकर, राहणार चितेगाव (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : चितेगाव
दिनांक : १९ जून २०२४