माझ्या नावावरची पुस्तकं

७ ऑक्टोबर २०१३, सोमवार. तेलगाव

माझ्या नावावर कुणीतरी पुस्तकं घ्यायलंय. मला न विचारता. आज पुन्हा मोबाइल वाजला, इंग्रजी मजकूर. आधीचे दोन पुसून टाकले होते, म्हटलं लॉटरीवाले असतील. आज गौरीला वाचायला लावलं. नात बारावीला हाय, तिला येतं. म्हणाली, "नागरबाई, तुमची पुस्तकखरेदी झाली, आभारी आहोत, असं लिहिलंय."

पंचांग सोडून मी जन्मात पुस्तक विकत घेतलं न्हाई. चौथी शिकलेली बाई. दुकानात पुड्यांवर नावं घालून घालून अक्षर वळलं, तेवढंच.

वाचून झाल्यावर गौरी केस बांधत बसली. बांधलेलेच केस. तिला म्हाईत हाय काहीतरी.

८ ऑक्टो., मंगळ.

गौरीला तांदूळ निवडायला समोर बसवलं. हात गुंतले की माणूस खरं बोलतं. निम्म्या सुपात बोलली.

शिवा हाय ह्यात. तिचा थोरला भाऊ, माझा नातू. जर्मनीत इंजिनिअरीचं पुढचं शिकायला गेलाय. तो पुस्तकं घेतो एका परदेशी दुकानातून. कागदाची न्हाईत. त्याच्याकडं एक पाटी हाय वीतभर, पुस्तकं त्या पाटीत उतरतेत. खातं तिथल्या पत्त्यावर काढलं तर तेच पुस्तक पाचपट महाग. म्हणून पत्ता तेलगावचा. नाव माझं, मोबाइल माझा. पैसे इथल्या बँकेच्या कार्डावरून, म्हंजे विश्वनाथच्या. म्हंजे त्याच्या बापालाही म्हाईत.

सगळ्या घराला म्हाईत. जिचं नाव तिला सोडून.

आणि पाचपट कावून? दुकान एकच, माल एकच. वजन न्हाई, गाडीभाडं न्हाई, हमाली न्हाई, उंदीर लागत न्हाईत. गौरी म्हणते, "तसंच असतंय आज्जी." तसंच कसं असतंय? मांजरसुंब्याला धाब्यावर पाण्याची बाटली महाग, कारण बस थांबेल तिथंच उतरावं लागतं. ते कळतं. हे कळत न्हाई. आमच्या सासऱ्यांनी दुकानात एक भाव घालून दिला, पाटलाला तोच, वडाराला तोच. हे लोक माणूस कुठं उभं हाय ते बघून भाव सांगतेत. अशा दुकानात माझं नाव.

९ ऑक्टो.

विश्वनाथला जेवताना धरलं. ताटावरून उठून जाता येत न्हाई.

"आई, पोरगं पुस्तकं घेतंय, दारू न्हाई पीत."

"मग तुझ्या नावावर घे की."

"माझा नंबर दुकानाचा. सारखा गुंतलेला."

खोटं. माझंच नाव कावून, ते मी सांगते. मला इंग्रजी येत न्हाई म्हणून. म्हातारीचं नाव म्हंजे भिंतीची खुंटी. गॅस टांगा, कारखान्याचा शेअर टांगा, आता पुस्तकं टांगा. उद्या काय टांगतील? माळावरचं रान माझ्या नावावर हाय. तेवढं इचारलं तर विश्वनाथ हसला.

हसण्यासारखं काय होतं त्यात?

१३ ऑक्टो., दसरा

पूजा झाली, विभूती लावून उठते तर शिवाचा फोन. गौरीनं आवाज मोठा करून मधी ठेवला.

"आज्जी, सोनं घे."

"सोनं राहू दे. आधी माझं नाव परत दे."

तिकडं हसला. मग गोड लागला बोलायला. त्याचं गोड मला म्हाईत हाय, लहानपणी गूळ चोरला की असाच बोलायचा. म्हणाला, "आज्जी, हे आपल्या सभासदाच्या साखरेसारखं हाय. तुझा शेअर, म्हणून स्वस्त साखर. खातंय कोण? सगळं घर. तसंच तुझं खातं, वाचतो मी. मी काय परका हाय का?"

कारखाना दिवाळीला सभासदाला कमी भावात साखर देतो. आमचं किराण्याचं दुकान, तरी ते पोतं मी कधी गल्ल्यापुढं येऊ दिलं न्हाई. मागच्या दारानं घरात. सभासदाची साखर घरात खायची. इकायची न्हाई, पाहुण्याला बांधून द्यायची न्हाई. विश्वनाथ एकदा म्हणलता, दोन किलो दुकानात घेतो. पुन्हा म्हणला न्हाई.

शिवाचं बोलणं बरोबर वाटलं. म्हणून जास्त संशय आला. हे पोरगं माझ्याच मापानं मला मोजतंय.

फोन गौरीकडं सरकवला. त्याला वाटलं, मानलं.

१७ ऑक्टो.

आज उलटंच. गौरीला परीक्षेसाठी एक पुस्तक पाहिजे, त्याच दुकानातलं. माझ्याच खात्यावर बघितलं. उत्तर आलं, हे पुस्तक तुमच्या देशात इकत न्हाई. पैसे देऊनबी न्हाई. शिवाला कळवलं, तू तिथून घेऊन दे. तो म्हणाला, तिथल्या खात्यावर घेतलं तर तिथल्याच पाटीत उतरंल, आणि पाचपट.

म्हंजे एका पोराला स्वस्त पण चोरून, दुसरीला महागबी न्हाई. वेस घातलीय. वेशीवर माणूस न्हाई, दरवाजा न्हाई, तरी अडवतेत.

गौरी म्हणाली, जाऊ दे. तिचं 'जाऊ दे' मला आवडत न्हाई. पोरीच्या जातीनं एवढ्या लवकर म्हणू नये.

२४ ऑक्टो., गुरु.

झालं. दुकानवाल्यानं माझं खातं बंद केलं. त्याला कळलं, पत्ता तेलगावचा आणि पाटी रोज जर्मनीत उघडती. इचारतोय, तुमी राहता कुठं? उत्तर येईस्तोवर सगळी पुस्तकं कुलपात. नवी तर न्हाईतच, पैसे मोजून घेतलेली जुनीबी. शिवाची शेवटची परीक्षा तोंडावर आलीय, सगळा अभ्यास त्या पाटीत. तिकडं रडकुंडीला आलाय म्हणे.

मला पहिल्यांदा दुकानवाल्याचाच राग आला. इकलेला माल! मी गिऱ्हाइकाला साखर दिली, पैसे घेतले, आणि आठ दिवसांनी त्याच्या घरात शिरून डब्याला कुलूप लावलं, तर गाव मला काय करंल? आणि हे म्हणे शिकलेले लोक.

मग दुसरा विचार आला. चोराच्या घरी चोरी झाली म्हणून आपण कावून ओरडायचं.

न्हाई पण. पोरगं नापास होईल.

२६ ऑक्टो.

शिवाचा फोन. म्हणतो, दुकानाची माणसं तुला फोन करतील, हिंदीत बोलतील. एवढंच सांग, मी तेलगावात राहते, पुस्तकं माझी हायेत, नातू थोडे दिवस फिरायला तिकडं गेलाय, पाटी त्याच्याजवळ हाय. येईल परत.

"येशील का?"

"काय?"

"परत. कधी येशील?"

"आज्जी, आधी परीक्षा तर होऊ दे. मग बघू."

फोन ठेवला. गौरी पुन्हा केस बांधायला लागली. मी सूप आणलं न्हाई, नुसतं तिच्याकडं बघितलं.

बोलली. शिवानं तिथल्या सरकारला अर्ज केलाय, परीक्षा झाली की तिथंच नोकरी, तिथंच राहणार. उन्हाळ्यातच केलाय. त्यात लिहिलंय, मी जर्मनीत राहतो, इथंच राहायचंय. बापाला म्हाईत, आईला म्हाईत.

म्हंजे एका ठिकाणी सांगतो मी इथला, दुसऱ्या ठिकाणी सांगतो मी तिथला. जिथं जे स्वस्त पडंल तिथं ते. मग त्या दुकानवाल्यात आणि ह्याच्यात फरक काय? तो गिऱ्हाइकाचा देश बघून भाव सांगतो, हा भाव बघून देश सांगतो.

जाऊ नको म्हणत न्हाई मी. जायचं तर जावं. इथं तेलगावात काय ठेवलंय, ऊस आणि धूळ. पण सांगून जावं की.

३० ऑक्टो., बुध.

आला फोन. दुपारी, दुकानात गिऱ्हाईक असताना. पोरगी होती, आवाज कवळा.

"माताजी, आप कहाँ रहती हैं?"

"तेलगाव. जिल्हा बीड. तू कहाँ रहती?"

गडबडली. मग म्हणाली, "किताबें आप ही पढ़ती हैं?"

"पहले ये बोल, एकच किताब के दो भाव कायको?"

"वो ऊपर से तय होता है, माताजी."

वरून म्हंजे कुठून, ते तिलाबी म्हाईत नसावं. तीबी कुणाच्या तरी दुकानात बसलेली. तिच्यावर काय ओरडायचं. पण पुन्हा इचारलं तिनं, किताबें कौन पढ़ता है, कहाँ रहता है. मी म्हटलं, दिवाळी हाय, काम हाय, बाद में. पुढल्या बुधवारी करते म्हणाली. तोवर उत्तर न्हाई मिळालं तर खातं कायमचं बंद.

विश्वनाथ तराजू धरून बघत होता. "आई, सांगून टाकायचं होतं की. एक शब्द."

"तो एक शब्द तू सांग. तुझ्या तोंडानं. तुला तर सगळं म्हाईत असतं."

त्यानं गिऱ्हाइकाला शेंगदाणे दिले, पाव किलो मागितले होते, अर्धा दिले.

१ नोव्हेंबर, धनत्रयोदशी

साखर आली कारखान्याची. मागच्या दारानं घेतली. घरातल्या माणसांगणिक मी डबे भरते, सासूबाईंची रीत. ज्याचा डबा त्याच्या लाडवाला, त्याच्या चहाला. शिवा गेल्यापासूनबी त्याचा भरत होते. आज झाकण काढलं तर गेल्या दिवाळीची तशीच. दगड झालीय. बत्त्यानं फोडून शिऱ्यात घातली. चांगली साखर हाय, टाकायची कशाला.

सून म्हणाली, "आई, शिवाचा डबा भरायचा का न्हाई?" तिच्या हातात माप होतं. लेकरू तिचंच, अर्जाचं तिला आधीपासून म्हाईत. मी म्हटलं, थांब. पालथा घालून ठेव. बुधवारी बघू.

५ नोव्हें., भाऊबीज

गौरीनं ओवाळायला फोन समोर ठेवला, त्यात शिवाचं तोंड. वाळलाय. ओवाळून झालं, तसा म्हणाला, "आज्जी, उद्या एवढं सांग गं. पाया पडतो. पास तर होऊ दे मला."

खोटं वाटलं न्हाई ह्या वेळी. डोळे लाल होते. पण खरं बोलणारा माणूस खोटं बोलायला लावतोय, ह्याचं काय करायचं ते मला सासऱ्यांनी शिकवलं न्हाई.

फोन बंद झाल्यावर गौरीला बसवलं आणि लिहायला लावलं, शिवाला पाठव म्हटलं. इथंबी लिहून ठेवते, उद्या कुणी म्हणू नये म्हातारीनं सांगितलं न्हाई.

उद्या फोन आला की मी माझं सांगीन. मी नागरबाई, तेलगावात राहते. तेवढं खरं हाय. पुढचं इचारलं की, शिवा, त्या पोरीला तुझा नंबर देईन. पुस्तकं वाचणारा कुठं राहतो ते तूच सांगायचं. तिला जे सांगशील तेच मला सांगायचं, त्याच दिवशी. तेलगाव म्हणलास तर डबा भरते आणि वाट बघते. तिथला म्हणलास तर पाचपट भाव मोज, मी विश्वनाथला पैसे पाठवायला लावते, पण माझं नाव काढ तिथून.

आणि उत्तर शिवानंच द्यायचं. बापानं न्हाई, आईनं न्हाई, गौरे, तूबी न्हाई.