पेठेतल्या गल्लीतलं घर

१ जुलै, मंगळवार

आरतीचं नाव बीडच्या कॉलेजच्या यादीत लागलं. अकरावी सायन्स. तिने दवाखान्यात फोन करून सांगितलं. समोर गाभण म्हैस तपासणीला होती, हात गुंतलेला. मी 'बरं' एवढंच म्हणालो. संध्याकाळी पेढे नेले. माय म्हणाली, फोटोपुढं ठिव आधी. ठेवले.

सुरेखाला जाऊन साडेचार महिने झाले. ती असती तर आज तिच्या बहिणीला, भावाला, सगळ्यांना फोन झाले असते. मी कोणालाच केला नाही.

२ जुलै

वडवणी ते बीड एसटीने सव्वा तास. घाटसावळीला थांबली की दीड. मुलीने रोज जायचं-यायचं, नाहीतर सगळ्यांनी बीडला राहायचं आणि नोकरीसाठी मी इकडे यायचं. सु. दोन वर्षं हेच म्हणत होती. घरं बघायला तिनेच सुरुवात केली होती. मी लांबवत गेलो.

मायला विचारलं. "वरीस सरल्याबिगर नव्या घरात पाय ठिवायचा न्हाई," म्हणाली. मग थोड्या वेळाने आपणच म्हणाली, पोरीचं शिक्षान काय वरीसभर थांबतंय का. म्हणजे हो की नाही, कळलं नाही.

कर्ज आणि पी.एफ. मिळून पंचवीस लाखांच्या पुढे जाता येत नाही. फार ओढून-ताणून सत्तावीस.

५ जुलै, शनिवार

रजा टाकून दिवसभर बीड. एजंटच्या मोटारसायकलवर.

जालना रोडकडे फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मायचे गुडघे. मालकाने आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग "म्हणजे कोणापैकी?" मी सांगितलं. मग म्हणाला, घरात विचारून कळवतो. एजंट खाली आल्यावर म्हणाला, सर, मनावर घेऊ नका, सध्या वातावरणच तसं हाय. मनावर घेतलं नाही. यादीतून खोडलं.

धानोरा रोडच्या आत नवीन प्लॉटिंग. रो-हाऊस, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे सात-आठ फूट मोकळी जागा. पलीकडे तुरीचं शेत. स्वतःचं बोअर. आवाज म्हणून नाही. शेजारी दोघं नोकरीवाले, दाराला कुलूप. मला आवडलं. सव्वीस म्हणतात.

पेठेतल्या गल्लीतलं घर अजून विकलं गेलेलं नाही, असं एजंटकडून कळलं. मागच्या वर्षी सु.ला घेऊन बघितलेलं. बावीसला देतात. म्हणालो, ते नको. तो म्हणाला, बघून तर घ्या.

९ जुलै, बुधवार

आरतीला एसटीत उभं राहून यावं लागलं. आली आणि तशीच झोपली. जेवायला उठवलं तर म्हणाली, पप्पा, मम्मीला आवडलेलं घर कुठलं होतं?

पेठेतलं, म्हणालो.

ते दाखवा मला.

१२ जुलै, शनिवार

आरतीला घेऊन पेठेत गेलो.

गल्ली तशीच आहे. दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकाला मागे घ्यावी लागते. दारादारात बाया, कोणी लसूण सोलतंय, कोणी पोराला आंघोळ घालतंय. घरमालक पुण्याला असतो, चावी शेजारच्या बाईकडे. त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणते. शिवणकाम करतात. त्यांची आणि या घराची भिंत एकच. मशीनचा आवाज आत ऐकू येतो.

मागच्या वर्षी सु. या आक्कांकडे तासभर बसली होती. मी बाहेर एजंटच्या मोटारसायकलपाशी उभा. परत येताना एसटीत मी म्हणालो होतो, फार गोंगाट आहे. ती म्हणाली, "तुमाला माणसं नकोत. मला लागतात."

आक्कांनी मला ओळखलं. आरतीकडे बघून म्हणाल्या, लेक का? आईच्या वळणावर गेली. मग मला म्हणाल्या, "बाई कावून न्हाई आल्या?"

मी म्हणालो, गावाकडे आहेत.

का म्हणालो माहीत नाही. दारात सात-आठ बाया होत्या. सगळ्या बघत होत्या. सांगितलं असतं तर सगळ्यांनी एकदम हळहळ केली असती. मला ते सहन झालं नसतं. आरतीने मान वळवली.

आक्कांनी चहा केला. गल्लीत नळ दहा-बारा दिवसांनी येतो, रात्री-बेरात्री कधीही, पण काळजी नाही म्हणाल्या. ज्याच्या दाराला कुलूप असेल त्याचा हौद शेजारचा माणूस भरून ठेवतो. माझा फोन नंबर घेतला.

येताना आरती एसटीत दुसऱ्या बाकावर बसली. माझ्या शेजारी जागा होती.

१३ जुलै

आरती बोलत नाही. दुपारी भांडी घासताना, माझ्याकडे न बघता: "पप्पा, मम्मी कोणत्या गावाकडं हाय?"

माय आत होती. तिलाही ऐकू गेलं असणार.

१६ जुलै, बुधवार

त्या दिवसाबद्दल एकदा लिहून ठेवतो. परत लिहायचं नाही.

तापाचा तिसरा दिवस होता. सकाळी म्हणाली, उतरलाय, जा तुमी. माय शिरूरला दादाकडे गेलेली, त्याच्या मेंढरांची कातरण होती. आरती शाळेत. मी लाळ-खुरकुताच्या लसीकरणाला तांड्यावर. तिथे रेंज नाही. हे भाड्याचं घर मीच शोधलेलं, गावाबाहेर, कोणाची कटकट नको म्हणून. सगळ्यात जवळचं घर दोन प्लॉट सोडून.

आरती चार वाजता आली. दाराला आतून कडी.

डॉक्टर म्हणाले, दुपारी बारा-एकपर्यंत जरी कोणी

नको.

२० जुलै, रविवार

मायला धानोरा रोडचं रो-हाऊस दाखवलं. आरती आली नाही, अभ्यास म्हणाली.

मायला आवडलं. खोल्या बघितल्याच नाहीत. सरळ मागे गेली, मोकळी जागा बघितली, पावलांनी मोजली. "दोन शेळ्या बसत्याल," म्हणाली. मी म्हणालो, माय, ही कॉलनी आहे, इथे शेळ्या चालणार नाहीत. "डाक्टराच्या घरी शेळ्या न्हाई चालत, तर मंग कुठं चालत्यात?" मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे, हे तिला वीस वर्षं सांगतोय. एजंट हसला. मलाही थोडं हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

घरातून निघताना मायने समोरच्या बंद दाराकडे बघितलं. शेजाऱ्याचं नाव काय म्हणाली. एजंटला माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांत विसार द्या म्हणतो. दुसरं गिऱ्हाईक आहे. असं सगळ्यांनाच सांगत असतील.

२२ जुलै

विचार केला. धानोरा रोडला राहिलो तर मी सकाळी सातला निघणार, संध्याकाळी साडेसातला पोचणार. दिवसभर माय आणि आरती. आरती कॉलेजला गेली की माय एकटी. माय शिरूरला गेली की आरती एकटी. दार बंद.

पेठेत राहिलो तर दिवसातून दहा वेळा कोणीतरी डोकावणार. मला नको असलेलं तेच आहे आणि लागणार आहे तेही तेच.

पण पेठेत मी बायको जिवंत आहे असं सांगून आलोय.

२७ जुलै, रविवार

आक्कांचा फोन. मी घरीच होतो. आवाज मोठा, आरतीला ऐकू जात होतं.

त्यांचं जुनं मशीन विकायचं आहे. गिऱ्हाईक आलंय. पण मागच्या वर्षी बाई म्हणाल्या होत्या, इथं राहायला आले की तुमच्याजवळ बसून ब्लाउज शिवायला शिकीन, मशीन मलाच द्या. म्हणून आक्कांनी वर्षभर दोन जणींना नाही म्हणून सांगितलं. "दुसरीला द्यायच्या आधी बाईला इचारावं म्हणलं. इचारून सांगा."

मला हे माहीत नव्हतं. शिवण शिकायचं ती मला कधी बोलली नाही. की बोलली असेल आणि मी पेपर वाचत असेन.

म्हणालो, विचारतो.

फोन ठेवला तर आरती समोर उभी. रडत नव्हती. "मला तेच घर पायजे," म्हणाली. "मी राहीन तिथं. पण मला रोज खोटं बोलायला लावू नका, पप्पा."

२९ जुलै

दवाखान्यात गर्दी. घटसर्पाची लस संपली, लोक चिडले. एक मेंढपाळ म्हणाला, साहेब, तुमी लई गप झालात. मी आधीही गप्पच होतो म्हणालो. तो म्हणाला, ते निराळं गप.

२ ऑगस्ट, शनिवार

सांगायचं ठरवून पेठेत गेलो. एकटा.

आक्का होत्या. लेकीची लेक पण आलेली, मशीनखाली चिंध्या गोळा करत होती. आक्का म्हणाल्या, बसा. चहा आला. मशीनवर जुनी चादर घालून ठेवलेली. इचारलं का बाईला, म्हणाल्या. मी म्हणालो, अजून बोलणं झालं नाही.

हे खरंच आहे एका अर्थी.

चहा प्यालो. गल्लीत कोणाच्या तरी घरी पाहुणे आले, आक्का उठून बघायला गेल्या. मी कप धुऊन ठेवला आणि निघालो. एसटीत लिंबागणेशची दोन माणसं शेजारी, चतुर्थीला मंदिरात किती गर्दी होणार त्याचं बोलत होती. मला विचारलं, तुमी कुठलं? वडवणी म्हणालो. घरी कोणकोण? मी म्हणालो, मुलगी आणि आई. अनोळखी माणसाला लगेच सांगता आलं.

४ ऑगस्ट, सोमवार

एजंटचा फोन. रो-हाऊसचा विसार आज-उद्या. मायने विचारलं, काय ठरलं? मी म्हणालो, तुला ते आवडलंय ना. माय गहू निवडत होती.

"मला मोकळं लागतं, मी रानात वाढले. माजं काय, किती दिवस राह्यलेत," म्हणाली. मग: "मी त्या टायमाला शिरूरला जायला न्हाई पायजे होतं."

हे ती पहिल्यांदा बोलली. साडेपाच महिन्यांत. मला वाटत होतं, हा विचार माझा एकट्याचाच आहे.

मी तिच्या शेजारी बसलो. गहू निवडला.

एजंटला सांगितलं, रो-हाऊस दुसऱ्याला द्या.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी अकरा. दवाखान्यात एका शेळीच्या पायाला टाके घालत होतो, मालकाने शेळी धरलेली. आक्कांचा फोन. दोनदा वाजला, मग स्पीकरवर घेतला.

नळ आलाय म्हणाल्या. अकरा दिवसांनी. चावी त्यांच्याकडेच आहे. तुमचं ठरत आलंय असं एजंट म्हणत होता, तर हौद भरून ठेवू का? आज भरला नाही तर पुढच्या पाण्यापर्यंत कोरडा. आणि साहेब, तुमी पुरुषमाणूस, तुमाला काय कळतंय, बाईला फोन द्या, हौद आधी घासून घिऊ का ते त्यास्नी इचारते.

पाण्याचा आवाज येत होता फोनमधून. बायांचा पण.

मी म्हणालो, आक्का, ती नाही.

"गावाकडंच हाय व्हय अजून?"

म्हणालो, नाही. फेब्रुवारीत गेली. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

शेळीवाल्याने खाली बघितलं. फोनमधला पाण्याचा आवाज लहान झाला, आक्का बहुतेक घरात गेल्या असाव्यात.

"जवळ कोण होतं?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. सगळे विचारतात, काय झालं होतं. मी म्हणालो, कोणी नव्हतं. दार आतून लावलेलं होतं.

मला वाटलं फोन कटला. मग म्हणाल्या, "घासून भरते मी. अर्धा तास लागंल." आणि ठेवला.

शेवटचे दोन टाके वाकडे पडले. शेळीवाला म्हणाला, चालतंय साहेब.

१२ ऑगस्ट

मायला आणि आरतीला सांगितलं. आरतीने जेवताना माझ्या ताटात भाकरी वाढली. रोज माय वाढते.

माय म्हणाली, आपलं घर न्हाई, कागूद न्हाई, विसार न्हाई, अन् दुसऱ्याच्या घरात आपलं पानी भरलंय? हे कसलं येवार. मग म्हणाली, वरीस व्हायचंय अजून.

मी म्हणालो, हो.

घरमालकाला पुण्याला फोन लावला. उचलला नाही. संध्याकाळी परत लावीन. मशीनचं आक्कांनी काही विचारलं नाही, मीही नाही. हौद भरलेला आहे. दहा-अकरा दिवस पुरतं म्हणतात.