कापलेलं गाऱ्हाणं

१७ ऑगस्ट, रविवार
मंडळाची मीटिंग. चाळीत बिऱ्हाडं कमी झाली, पण मीटिंगमधला आवाज तेवढाच. प्रायोजक यंदाही मॉड्युलर किचनवाला शेट. पाच वर्षांपूर्वी त्याला मीच धरून आणला, तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली होती. आता त्याचा बोर्ड बाप्पापेक्षा मोठा. त्यात नवी अट, आरतीनंतर बाप्पाला घालतो त्या गाऱ्हाण्यात दुकानाचं नाव घ्या. गेल्या वर्षी तात्यांच्या गाऱ्हाण्याची क्लिप मोबाइलवर भरपूर फिरली ना, म्हणून. पक्या अध्यक्ष. म्हणाला, "सेक्रेटरी, नाव घ्यायला तुझ्या बापाचं काय जातंय?" खरंच, काय जातंय? हो म्हणून मोकळा झालो.

१९ ऑगस्ट
तात्यांकडे. चाळीस वर्षं चतुर्थीचं गाऱ्हाणं त्यांनीच घातलं. पण घशाचं ऑपरेशन झाल्यापासून नुसती कुजबुज. म्हणाले, "यंदा तू घाल."
"तात्या, माझी मालवणी आईबरोबर गेली."
हात झटकला त्यांनी. मग जवळ बोलावून, "सुनंदाचां देवाक सांगलंस मां?"
"काय सांगायचं?"
जिना उतरताना आठवलं. गेल्या गणपतीत बायकोला, सु.ला, गाठ निघाली होती, रिपोर्ट यायचा होता. तात्यांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं, "तिका बरी कर रे म्हाराजा," आणि अख्खी चाळ ओरडली, "व्हय म्हाराजा!" ऑपरेशन झालं, बायको धडधाकट घरी आली. डॉक्टरांना पेढे नेले. देवाला? तात्यांना? एक शब्द नाही. वर्षभर माझं चाललंय काय, तर परवानग्या आणि फ्लेक्सचे साइझ.
लाज वाटली. फार.

२१ ऑगस्ट
सु.ला सांगितलं. भाजी निवडत होती. मान वर न करता, "मी रोज म्हणते देवाला. तुम्ही म्हणत नाही, माहीत होतं मला."
"मग बोलली का नाहीस?"
"मी आठवण करून दिल्यावर म्हटलं तर ते कसलं म्हणणं?"
बत्तीस वर्षांत हिच्यापुढे एकदाही जिंकलेलो नाही. आजही नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
शेटचा कागद आला. लॅमिनेट करून! माइक टेस्टिंगला पक्याने तोच वाचायला लावला. मीही सूर लावला, "बा देवा म्हाराजा, किचनवर चिमणी फुकट आसा म्हाराजा..."
"व्हय म्हाराजा!" मांडवातले सगळे एका सुरात.
"सुलभ हप्त्यांची सोय आसा म्हाराजा..."
"व्हय म्हाराजा!"
हसून हसून पोट दुखलं. मीही हसलो, खोटं कशाला लिहू. मग सहज वर बघितलं. गॅलरीत तात्या खुर्चीवर. त्यांचेही ओठ हलले होते. सवयीने. आवाज नाही, पण व्हय म्हाराजाच म्हणत होते, किचनच्या चिमणीला.


२५ ऑगस्ट
गाऱ्हाणं लिहायला बसलो. तीन कागद फाडले. प्रत्येक वाक्य 'दे'वर संपतं. बरकत दे, नोकऱ्या दे, रिडेव्हलपमेंट होऊ दे. आभाराचं एक वाक्य सुचेना. तात्या सुरुवात कशी करायचे ते बघायला गेल्या वर्षीची क्लिप लावली. ती मागण्यांपासूनच सुरू होते. म्हणून मूळ रेकॉर्डिंग शोधून काढलं. त्यात तात्या अर्धा वेळ मागतच नाहीत. कोणाकडे काय बरं झालं, तेच सांगतायत. "सात नंबरचो झील पास झालो, तुझी कृपा. वरच्या मजल्याक पाणी इलां, तुझी कृपा."
तो भाग कापला कोणी? मी. स्टेटसच्या तीस सेकंदांत बसत नव्हता.

२७ ऑगस्ट, बुधवार. चतुर्थी
आरती झाली. शेट पुढेच, मोबाइल धरून. कागद माझ्या खिशात. "बा देवा म्हाराजा" म्हटलं. पुढे पाठ केलेलं सगळं गेलं, आलं ते असं, "गेल्या वर्सा माझ्या सुनंदेसाठी मागलां होतां. तिका तू बरी केलंस. सांगूक उशीर झालो, माका माफ कर म्हाराजा." सगळे माझ्याकडे बघत. सु. पदराशी चाळा करत.
पुढच्या खुर्चीतून घरघर आली. तात्या. "व्हय म्हाराजा."
मागोमाग अख्खा मांडव.
मग मागून कोणीतरी, "आमच्या आवशीचो डोळो वाचलो, तां पण सांग." त्याच्या आईचं मी सांगितलं आणि एकेक सुरूच झालं. पक्या कानाशी येऊन, "झील परत बोलूक लागलो माझ्याशी." तेही सांगितलं, बापलेकाचं नाव न घेता. रडला गडी.
मोदक गार झाले. शेटचं नाव राहिलं. मागणंही राहिलं. शेटचा मोबाइल कधी खाली गेला, बघितलं नाही. प्रसाद घेऊन तो निघून गेला.

२९ ऑगस्ट
पक्या तणतणत आला. "शेट फोन उचलत नाही. पुढच्या वर्षी मांडव तू घालणार का?" बोर्ड आहे तिथेच आहे. जाताना दारात थांबून म्हणाला, "कालपण फोन आला होता मुलाचा."

५ सप्टेंबर, शुक्रवार
शेट आला संध्याकाळी. बाप्पाच्या पाया पडला, बराच वेळ हात जोडून उभा होता. मला एवढंच विचारलं, "उद्या विसर्जनाचं गाऱ्हाणं किती वाजता?" कशासाठी, देव जाणे. पक्या म्हणतो, नाव घ्यायला लावणार. मला तसं वाटलं नाही. बघू.
तात्यांचं फर्मान आलंय, "मागणां ऱ्हवलां हा. उद्या माग."
मंगळवारी सु.ची वर्षाची तपासणी. भीती वाटते. तेच मागणार आहे, लपवायचं काय त्यात. तिला विचारलं, तुझ्यासाठी आणखी काय मागू?
"आधी मिळालेलं सांगून घ्या," म्हणाली. "वेळ उरला तर मागा."
कागद घेऊन बसलोय. चाळभर फिरून लोकांना विचारून आलो, प्रत्येकाकडे काही ना काही निघालं. दुसरं पान भरत आलं. मागण्यापर्यंत अजून पोचलो नाही.