मिनिटाला शहाण्णव ठोके

परळ, मुंबई
रविवार, ६ मार्च २०११

आदरणीय गौतमकाका,

मनालीचा सप्रेम जय भीम. आई-बाबा बरे आहेत, मीही बरी आहे. तुमची साखर आणि रुपालीकाकूंचा गुडघा दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. पत्र पाहून नवल वाटेल, म्हणून खुलासा करते. आमच्या घरच्या नंबरवरून आलेला फोन तुम्ही उचलत नाही, हे मी तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या वेळी तपासून पाहिलं. तक्रार नाही, फक्त नोंद आहे. पत्रावर मात्र बाहेरून नंबर दिसत नाही.

तर, मी स्मार्टफोन घेतला. बटणं नाहीत, काचेवर बोट फिरवायचं. आपल्या चाळीतला हा पहिलाच (दुसऱ्या मजल्यावरच्या अभयकडे असाच दिसणारा एक आहे, पण त्यात ॲप चढत नाहीत, मी हातात घेऊन पाहिला आहे). प्रभादेवीच्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तिथे दुसऱ्यांची मोजमापाची उपकरणं खरं बोलतात की नाही हे तपासणं हेच माझं काम. त्यामुळे ऐकतो आणि ऐकलेलं आकड्यात सांगतो असा फोन हातात आल्यावर मला काय वाटलं असेल ते वेगळं लिहीत नाही. एक ॲप स्वर ओळखतं, एक तानपुरा वाजवतं, एक रेकॉर्डिंग करतं, एक आवाजाची पातळी मोजतं. पहिल्या आठवड्यात मी मजल्यावरचं सगळंच मोजलं. आमच्या कुकरची शिट्टी अठ्ठ्याऐंशी डेसिबल. शेजारच्या कमलमावशी, राग आलेला नसताना, एकोणऐंशी. हा आकडा मी त्यांना सांगितला. सांगायला नको होता. दोन दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत आणि जिन्याजवळची पातळी चोपन्नवर आली.

पण या सगळ्यांत उत्तम म्हणजे ढोलकीचं ॲप. चाळीस ते दोनशे चाळीस, हवा तो वेग लावा, ढोलकी त्या वेगाने वाजते आणि तासभर तसूभर हलत नाही. मी घड्याळ लावून खात्री केली आहे. हे तुम्हाला सांगताना मला जरा संकोच वाटतो, कारण तुम्ही बाबांच्या गायन पार्टीत बावीस वर्षं ढोलकी वाजवलीत. पण खरं ते खरं.

या ॲपची गरज अशी पडली. यंदा जयंतीला मंडळाने बाबांची स्वतःची गाणी सकाळपासून कट्ट्यावर लावायचं ठरवलं आणि सीडी मागितली. सीडी नाही. कॅसेटही नाही. तीस वर्षं स्टेजवर गाणाऱ्या माणसाची अकरा गाणी फक्त एका वहीत आहेत, आणि वहीत चाल लिहिलेली नाही. बाबा आता एकोणसाठ वर्षांचे आहेत, वरचा स्वर एखाद्या दिवशी लागतो, एखाद्या दिवशी नाही. म्हणून मी मंडळाला लिहून दिलं की एप्रिलच्या पहिल्या तारखेला सीडी मिळेल. (हे मी कोणालाही न विचारता लिहून दिलं. अशी मी सहसा वागत नाही.)

स्टुडिओ घरीच केला. दुपारी तीन ते चार आपल्या मजल्यावर सर्वांत शांतता असते. लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत स्टूल ठेवलं, वरून आईच्या दोन गोधड्या सोडल्या आणि बाबांना आत बसवलं. आवाज घुमणं जवळजवळ थांबलं. बाबांनी आतून विचारलं, "अंडी उबवायला बसवलंयस का मला?" तेवढ्यात कमलमावशी दार लोटून आत आल्या, गोधडीखालून आलेले दोन पाय पाहिले, बाबा वाफ घेतायत असं स्वतःच ठरवलं आणि घरी जाऊन अडुळशाचा काढा घेऊन आल्या. तो प्यायल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या, म्हणून बाबांनी तो गोधडीतच प्यायला.

मग गाणं सुरू झालं. आजी डोक्यावर पाटी घेऊन गिरणीच्या गेटावर उभी राहायची, ते गाणं. वेग शहाण्णव. पहिलं कडवं उत्तम, दुसरंही उत्तम. आणि दुसरं कडवं संपताच बाबा थांबले. ते तिथे कायम थांबतात हे मी विसरले होते. स्टेजवर तिथे बक्षीस देणाऱ्यांची नावं घेतात, तोवर तुम्ही हलक्या हाताने ठेका धरून बसायचात, आणि नावं संपली की उठाव देऊन गाणं पुन्हा बाबांकडे द्यायचात. गोधडीत बक्षीस द्यायला कोणी नव्हतं. तरी बाबा स्टेजवरच्या आवाजात म्हणाले, "आपल्या शेजारी कमलताई यांच्याकडून एक पेला काढा. पार्टी त्यांची आभारी आहे." कमलमावशी दारातच होत्या, त्यांनी हात जोडले. मागे ढोलकी धडाधड चालूच. मग बाबा उठावाची वाट पाहत बसले. ॲपमध्ये उठाव नाही. एकूण एक्केचाळीस सेकंद.

तिसऱ्या कडव्यात निराळाच प्रश्न आला. बाबा आणि ढोलकी एकमेकांपासून सुटत गेले. मी चार वेळा रेकॉर्ड करून चारही वेळा मोजलं. ढोलकी शहाण्णव, बाबा तिसऱ्या कडव्यात एकशे चार, शेवटी एकशे नऊ. म्हणजे बाबा पळतात. मी त्यांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिले आणि म्हणाले, "तुझा फोन रेंगाळतो."

काका, सहा वर्षांपूर्वी नायगावच्या कार्यक्रमात बाबा भर गाण्यात माइकवर म्हणाले होते की ढोलकी पळतेय. तुम्ही ढोलकी खाली ठेवलीत, स्टेजवरून उतरलात आणि त्यानंतर घरी आला नाहीत. मी तिसऱ्या रांगेत होते. त्या दिवसाचं मोजमाप माझ्याकडे नाही, आणि आताच्या या चार नोंदींवरून त्या दिवसाबद्दल काही सिद्ध होत नाही. मी फक्त आकडे कळवते आहे.

हार मानायचं कारण नव्हतं. मी चारही नोंदींची सरासरी काढली आणि ॲपमध्ये कडव्यागणिक चढता वेग भरला. हे काम मी फार सुबक केलं होतं, प्रयोगशाळेत दाखवावं असं. पण पुढच्या रेकॉर्डिंगला बाबा पळालेच नाहीत. ढोलकी एकटीच पुढे गेली आणि गाणं मागे राहिलं. तरीही एकंदरीत काम समाधानकारक चाललं आहे. बाबांचा आवाज या फोनवर इतका स्वच्छ येतो की मी तो ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ऐकते. परवा आमच्या साहेबांनी विचारलं, कोण गातंय. मी सांगितलं, माझे वडील. शब्दही त्यांचेच, हेही सांगितलं.

काकूंना नमस्कार. तब्येतीला जपा.

आपली,
मनाली

ता. क. "समाधानकारक" हा शब्द बरोबर नाही. महिन्याभरात एकही गाणं पूर्ण झालेलं नाही. येत्या रविवारी, तेरा तारखेला, दुपारी तीन वाजता आपण येऊ शकाल का? तुमच्यासाठी कपाटापलीकडे स्टुलाएवढी जागा मोजून ठेवली आहे. वेग किती ठेवायचा ते तुम्ही दोघांनी ठरवावं, मी काही मोजणार नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र मी लिहिते आहे हे बाबांना माहीत नाही. पण काल ते चारही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकत बसले होते. मी चहा ठेवला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गौत्या माझ्याबरोबर पळायचा. म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही." मग म्हणाले, हे कुठे लिहू नकोस.

ता. क. तिसरा. नायगावला तुम्ही ठेवून गेलात ती ढोलकी आमच्याकडेच आहे. आज सकाळी बाबा ती पिशवीत घालून लालबागला गेले आणि तिच्यावर नवी चामड्याची पुडी चढवून आणली. कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाले, घरात नादुरुस्त वस्तू ठेवू नये. आमचा मिक्सर दोन वर्षं बंद आहे.