अंगात आली ती कॉफी!

शनिवार, ४ ऑक्टोबर १९८६. कोरगाव

माझ्या अंगात देवी वगैरे काही आलेली नाही! कॉफी आली होती, कॉफी! देवळात ओरडून सांगितलं, इथेही लिहून ठेवते.

घटस्थापनेचा उपास. सकाळपासून पोटात फक्त कोरी कॉफी — धारवाडला बी.एस्सी. करताना लागलेली सवय. आज पेल्यामागून पेले झाले. आरतीला उभी राहिले तर छाती धडधडायला लागली, हात लटलट कापू लागले, घाम फुटला. रिकाम्या पोटी कॅफिन रक्तात भराभर भिनतं, एवढंच. पण आमचा वाडा! कुणीतरी 'अवसर इलो', म्हणजे देवीचा संचार झाला, म्हणालं आणि बायका कुंकू घेऊन धावल्या. नववीतल्या शशिकलेची आई, रुक्मिणी, तर पायांवरच पडली. शशीला सर्वणहून स्थळ आलंय, मुलाचा खाणीवर ट्रक आहे — देऊ का लग्न लावून? तूच सांग आई! मी म्हटलं, ऊठ गं, मी विमलाबाई, तुझ्या मुलीला सायन्स शिकवते, ही कॉफी आहे. कोण ऐकतंय! सासूबाईसुद्धा हात जोडून उभ्या.

रविवार, ५ ऑक्टोबर

शशीच्या घरी जाऊन आले. लग्न नको म्हणून चक्क सांगितलं — बाई म्हणून, पूर्ण शुद्धीवर! पोरगी वर्गात पहिली येते. बाप महादेव अंगणात लाकडं फोडत होता. कायद्याची भाषा केली तर म्हणे कायदो पणजेत आसता. मग वर न बघताच, "बाई, सायन्स तुमी शाळेत शिकवा. चेडवाचा आमी बघतो."

शशी दाराआडून ऐकत होती. तिच्याकडे बघवेना.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सिद्धच करून दाखवते. कॉफीचा डबा सासूबाईंच्या ताब्यात दिला, साक्षीदार म्हणून. दसऱ्यापर्यंत थेंब नाही. कॉफी नाही तर कंप नाही. बघाच म्हणावं!

स्टाफरूममध्ये गोव्याच्या राजभाषेवरून मास्तरांची नेहमीची जुंपलेली. एकाने मला विचारलं, तुमची देवी मराठीत बोलते की कोकणीत? म्हटलं, ते कॅफिन आहे, दोन्ही भाषांत थरथरतं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

डोकं! कपाळावर कुणी पाटा ठेवलाय. फळ्याकडे तोंड करून जांभया दिल्या. सवयीचं कॅफिन तुटलं की डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, हे पुस्तकात वाचलं होतं. आता कळलं. नवरा पणजीहून बसने दमून आला आणि माझा चेहरा बघून म्हणाला, घे की घोटभर. नाही घेणार! शेजारणी म्हणतात, देवी कोपली.

बुधवार, ८ ऑक्टोबर

तेच डोकं. तीच मी.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

जिंकले! रोज आरतीला गेले, बोटसुद्धा हललं नाही. आज सगळ्यांदेखत हात पुढे करून दाखवले. आता तरी पटलं? पुजारी पांडुरंग गाल खाजवत म्हणाला, "म्हंजे देवीक कॉफीचो मान व्हयो." बायकांनी माना डोलावल्या — कॉफी मिळाली नाही म्हणूनच देवी आली नाही!

रडूच यायचं बाकी होतं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

शशी शाळेत आली नाही. उद्या सर्वणची माणसं सुपारी फोडायला येणार. दुपारी रुक्मिणी मागीलदारी येऊन बसली. तिलाही हे लग्न नकोच आहे! पण नवऱ्यापुढे बोलायची सोय नाही. तो फक्त देवीला भितो. जाताना म्हणाली, "देवीन नको म्हटल्यान असता तर ह्यांनी ऐकला असता. पण तुमी कॉफी कॉफी करीत ऱ्हवल्यात."

हे झोंबलं. तिचं म्हणणं मला कळत नाही असं नाही. पण नाही! जिला शास्त्र शिकवते तिच्यासाठी खोटा अवसर आणू? जीव गेला तरी तसलं नाटक करणार नाही. सासूबाई वाती वळत सगळं ऐकत होत्या.

शनिवार, ११ ऑक्टोबर

महादेव पाहुण्यांना घेऊन आधी आरतीला येणार, मग सुपारी. मी ओसरीवर वह्या तपासत बसलेली. लक्ष कुठलं लागतंय! तेवढ्यात सासूबाई समोर आल्या. हातात पेला. कोरी, कडक, मी करते त्याच्या दुप्पट काळी.

"पी," म्हणाल्या. "माका चौथीतसून काढून लगीन लावला. तेव्हा कोणाच्याच अंगात देवी इली नाय."

प्यायले. दुसरा पेला मागून घेतला. अक्षर हलायला लागलंय. देवळातली घंटा वाजतेय — निघते.