पुसलेलं नाव

गुरुवार, संध्याकाळ

आर्किटेक्ट म्हणून इतकी वर्षं घरांवर नावं लावली, असं कधी पाहिलं नाही. गंगापूर रोडच्या काकांच्या बंगल्यावर सिमेंटच्या अक्षरांत 'सुमन' होतं, काकूंचं नाव. त्या गेल्यावर काका म्हणाले, "गेट उघडताना ते वाचवत नाही. काढून टाक." मी विटेपर्यंत प्लास्टर फोडून घेतलं, नवं करवलं, रंग दिला.

आज उन्हं कलली आणि त्या जागी ओल दिसली. सु. म. न. 'न'ची दांडी तशीच तिरकी. मी म्हटलं, "काका, विटांतली ओल असेल." पण ओल अक्षरं कशी लिहील? आणि ती तिरकी दांडी? जुन्या गवंड्याच्या हातून झालेली ती चूक, माझ्यासमोर फोडली होती ना?

काका बराच वेळ बघत राहिले. मग दारात कुणी ताटकळत उभं असावं तसं हळूच म्हणाले, "बरं बाई, राहा. चुकलं माझं."

भिंतीकडे पाठ करायचं धाडस होईना. गेटपर्यंत उलटी चालत आले.