शेवंताच्या धाग्याखाली माझे काज

३ एप्रिल ७८, सोमवार
आज शेवंताच्या दारात सायकल लागली. (पुढं नुसतं शे. लिहीन, पूर्ण नाव लिहून बोटं दुखतात.) सायकलीच्या मागं चादरीत बांधलेला गठ्ठा. माणूस उतरला, गठ्ठा आत गेला, मागून चहा आत गेला. मी ओट्यावर गहू निवडून राहिली होती. अर्धे खडे गव्हातच राहिले असतील.
सून प्रमिला म्हणे, इतवारी बाजारातल्या रेडिमेड कपड्याच्या दुकानाचं काम आहे. शर्टाले काज पाडायचे, बटणं लावायची, घरी बसूनच. दुकान तिथं, बाई इथं. असं कुठं काम असते का? पण आहे, गठ्ठा तं मी पाह्यला.
अन् दिलं कोणाले, तं शे.ले. तिच्या पोरांच्या चड्ड्यांची बटणं मी लावून देत होती. तीस वर्षं झाली शेजारले. माझे काज खापा गावच्या मामानं शिकवलेले. मामा शिंपी नव्हता, पण हौस मोठी. म्हणे, काज म्हणजे डोळा वं पोरी, दोन्ही पापण्या सारख्या पायजे. कन्हान नदीच्या काठी बसून जुन्या धोतरावर किती डोळे पाडले असतील मी.
ही वही माझ्या नातीची, सुधीची. दहावीचे पेपर झाले, मागची पानं कोरी राहिली. म्हणे आजी, तुझी चौथी कामी येऊ दे. अशी नात कोणाची नसेल. शे.ले दोन नातू आहेत, दोघंही दिवसभर गोट्या खेळतात.

६ एप्रिल, गुरुवार
विरजण मागायच्या निमित्तानं गेली. घरात दही होतं.
शे.नं सगळं सांगतलं, काही लपवलं नाही. म्हणूनच जास्त राग आला. काम कसं भेटते ते इथं लिहून ठेवते, डोक्यात राहणार नाही.
आधी नमुना न्या लागते. कापडाच्या तुकड्यावर तीन काज, तीन बटणं. मग ओळख लागते, कोणी सांगणारं पायजे की बाई भल्या घरची आहे, माल घेऊन कुठं जाणार नाही. मग दोन डझन शर्टांचा गठ्ठा येते. ठरल्या दिवशी परत द्या लागते, ताप असो की घरी पाहुणे असो. दुकानात उलटं करून पाहतात. वाईट निघालं तं वापस.
अन् धागा. दर बाईचा रंग ठरला आहे. काम झालं की शर्टाच्या आतून शेपटीले, म्हणजे खालच्या टोकाले, त्या रंगाचा एक टाका. त्यावरून दुकानाले समजते हे काम कोणाचं. शे.चा हिरवा.
मी म्हटलं, मालक पाहत नाही, हाजरी नाही, तं त्याले समजते कसं कोण बसलं अन् कोण झोपलं?
शे. म्हणे, "त्याले मी दिसायची गरज काय वं अनसू? काज दिसला म्हणजे झालं."
बोलली तं बरोबर. घरी येऊन विरजण दह्यात मिसळून दिलं. मले माझा रंग पायजे. जांभळा असला तरी चालते.

८ एप्रिल, शनिवार
मधुच्या (माझा मुलगा) जुन्या शर्टाचा तुकडा कापला, नमुना केला. तीनच्या जागी पाच काज पाडले. सुधीले घेऊन इतवारीत गेली. तिथं हातगाड्यांमधून चालणं म्हणजे सुईतून दोरा काढणं. सुधीनं माझा हात सोडला नाही, उंच किती झाली आता, माझ्या डोक्याच्या वर. भांड्याच्या दुकानासमोर उभी राहून म्हणे, आजी तुझ्या पहिल्या कामाचं काय घेशील? मी म्हटलं आधी काम तं भेटू दे.
शेटजीनं तुकडा उलटा केला, नखानं काज ओढून पाह्यला. बराच वेळ पाह्यला. मग विचारते, ओळख कोणाची?
घ्या लागलं तिचं नाव. तोंड कडू झालं.
म्हणे, हात चांगला आहे, पण नवीन नाव आता नाही लिहून राहिलो. शेवंताबाईच्या गठ्ठ्यातून घ्या अर्धं काम. तिच्या धाग्यावरच येऊ द्या.
तुकडा मात्र ठेवून घेतला. येताना सुधी खूष. शे.ले सांगायले गेली तं तिनं हातावर गूळ ठेवला. गूळ गिळला कसातरी.

१४ एप्रिल, शुक्रवार
पहिलं डझन झालं. खाकी शर्ट.
घरी बसून काम म्हणजे आरामाचं, असं मले वाटत होतं. तसं नाही. घरातल्या कोणालेच वाटत नाही की बाई कामावर आहे. मधु म्हणे आई जरा दार लाव. प्रमिला म्हणे आई जरा दूध पाहा. दुधाकडे पाह्यलं, इकडे काज वाकडा. मग ठरवलं. नळ गेला की साडेदहाले खिडकीजवळ चटई टाकायची, वर धुतलेली चादर. एक वाजेपर्यंत मी घरात नाही असं समजायचं. पहिल्या दिवशी सगळे हसले. तिसऱ्या दिवशी मधुनंच पोस्टमनले सांगतलं, आई कामात आहे.
आई कामात आहे. त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. कैरीचं लोणचं करताना, तिघांची बाळंतपणं करताना मी कामात नव्हती वाटते.
आणखी एक. तेलाचा हात नको, चहा जवळ नको, उजेड डाव्या अंगानं पायजे. हे शे.नं सांगतलं. सांगताना असा आवाज, जशी काही मोठी मास्तरीण. शेवटी चोवीसच्या चोवीस शर्टांवर तिनं हिरवा टाका टाकला. माझ्या बारांवरही. मी समोर बसून पाह्यलं.

२० एप्रिल, गुरुवार
गठ्ठा न्यायले दुकानाचा गणपत आला. चांगला माणूस, वय झालं आहे, पायडल मारून दम लागते. मी शे.कडेच होती. तो वरचा शर्ट उघडून म्हणे, शेटजी म्हणून राहिले होते, शेवंताबाईसारखा काज अख्ख्या इतवारीत नाही.
वरचा शर्ट माझा होता. मी माझा डोळा ओळखणार नाही का?
शे. माझ्याकडे पाहून हसली, म्हणे, "अनसूचेही आहेत गा त्यात." गणपत म्हणे, हो हो. अन् सायकलीवर बसला.
तिनं सांगतलं, हे खरं आहे. पण "त्यातही आहेत" अन् "हा तिचाच आहे" यात फरक आहे ना. दुपारी जेवण गेलं नाही. प्रमिला म्हणे ऊन लागलं, कांदा ठेवा जवळ. ठेवला.
रोज पाहते मी. तिचा चष्मा नवा आहे. तिची खिडकी मोठी आहे. तिच्याकडे सायकल थांबते.

२७ एप्रिल, गुरुवार
लिहू की नको.
यावेळी पांढरे शर्ट आले. शाळा उघडायच्या आधी एका शाळेले द्यायचे आहेत, मोठं काम. माझ्याकडे बारा. चादर टाकली, हळदीची डबी आणली, अन् हातानं सवयीनं आपलं काम केलं. आमच्यात नवं कापड असंच हाती घेत नाहीत, आधी आतल्या बाजूनं हळदीचं बोट लावतात. खाकीवरही मी लावलं होतं, तिथं दिसलं नाही. बारा पोरं हे घालून शाळेत जाणार, त्यांचं चांगलं होऊ दे म्हणून एकेक बोट. बारावा शर्ट ठेवला तेव्हा पहिल्याकडे नजर गेली.
पांढऱ्यावर पिवळी बोटं. बारा.
घाबरून साबण लावला. हळदीले साबण लागला की लाल होते, हे मले माहीत नाही का? माहीत आहे. सगळं आयुष्य हळदीत गेलं. पण त्या वेळी सुचलं नाही. आता जणू रक्ताचे डाग.
सुधी म्हणे, "आजी, हे काय केलं वं? शेवंता आजीले सांगून ये आत्ताच."
नाही सांगतलं. काज पाडले, बटणं लावली, डागाची शेपटी आत घालून घडी केली. संध्याकाळी सुधीले सोबत घेऊन देऊन आली. वाटलं होतं ती एक तरी उघडून पाहीन, मग मी बोलेन. तिनं हिरवा दोरा ओवून सुधीच्या हाती दिला, माझे डोळे थकले म्हणे, तू टाक टाके. अन् मले म्हणे, "तुझं काय पाहायचं वं."
सुधीनं टाके टाकले. माझ्याकडे पाह्यलं नाही. रात्रीही बोलली नाही.

२ मे, मंगळवार
गठ्ठा वापस आला.
मी भिंतीच्या या बाजूले उभी. गणपत ओरडला नाही, पण एकेक शर्ट झटकून दाखवत होता, तो आवाज येत होता. म्हणे, शेटजी म्हणतात, हे आमचं धाग्याचं वचन असते बाई, ज्याचा धागा त्याचा माल.
मी वाट पाहत होती, आता ती माझं नाव घेईन. तोंडात उत्तर तयार होतं. काय उत्तर होतं, आता आठवत नाही.
शे. म्हणे, "माझ्याच घरी झालं गा. मीच पाह्यलं नाही."
एवढंच. मग पाणी विचारलं त्याले.
तिनं भांडावं असं वाटत होतं मले. भांडली असती तं आम्ही दोघी सारख्या झालो असतो. आता हेही तिच्याकडेच गेलं. चांगले काज पाडणारी ती, चांगलं वागणारीही तीच. माझ्यासाठी काय ठेवलं?

५ मे, शुक्रवार
शे.नं बाराही शर्ट नुसत्या पाण्यातून काढले, लाल होतं ते पुन्हा पिवळं झालं. मग अंगणात बाजेवर उन्हात पसरले, डागाची बाजू वर. आपल्या नागपूरच्या मे महिन्यापुढं हळद काय टिकते. तीन दिवस मी खिडकीतून पाहून राहिली. पहिल्या दिवशी फिकट, दुसऱ्या दिवशी शोधा लागे, आज काहीच नाही. दर तासाले ती उठून पालटवत होती, डोक्यावर ओला टॉवेल.
मले बोलावलं नाही. विचारलंही नाही. नळावर भेटली तं म्हणे, यंदा आंबे महाग निघतील.
इस्त्री करून मुलाच्या हातानं दुकानात पाठवले. त्यांनी ठेवून घेतले, पण नवा गठ्ठा दिला नाही.
सुधी माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. पाणी देऊ का. दिवा लावू का. माझी पोट्टी अशी नव्हती.

११ मे, गुरुवार
सायकल माझ्या दारात लागली.
गणपत ओट्यावर बसला. प्रमिलानं ठेवणीतली कपबशी काढली. शेटजीले तो नमुन्याचा तुकडा सापडला म्हणे, पाच काजांचा. म्हणाले, ही बाई कुठं आहे, हिचं नाव लिहा. गठ्ठा घेऊनच आला होता, दोन डझन, पांढरे. माझ्या नावावर. अनसूयाबाई, पत्ता, सगळं कागदावर. मी सही केली, चौथीची सही, "सू" जरा मोठा झाला.
कागद पुन्हा वाचून घेतला त्याच्याकडून.
मग मी विचारलं, अन् शेवंताबाईचं?
म्हणे, "तिचा हात गेला आता. शेटजी नाही देत तिले."
मी काही बोलली नाही. हे लिहून ठेवते, मी काही बोलली नाही.
धागा कोणता पायजे, त्यानं विचारलं. निळा आहे, तांबडा आहे. हिरवाही मोकळा झाला आहे. म्हटलं विचार करून सांगते. म्हणे शनिवारी सकाळी साडेदहाले येतो, तोवर काम सुरू करा.

१२ मे, शुक्रवार
साडेदहा वाजले, चटई टाकली, चादर टाकली. गठ्ठ्याची गाठ सुटली नाही. म्हणजे सोडली नाही.
अकराले शे. भिंतीवरून म्हणे, "भेटलं का वं तुले तुझ्या नावानं? बेस झालं. चोवीस एकदम घेऊ नको, मान दुखते."
तिच्या आवाजात काही सापडते का म्हणून मी कान देऊन ऐकलं. हेवा, राग, काहीतरी. असता तं मले हलकं झालं असतं. नव्हता. की आहे अन् मले ऐकू येत नाही. तिनं तरी माझा हेवा करावा की नाही एक दिवस.
हळद मी लावली. बोलायले एवढंच आहे. जेवण झाल्यावर तिच्या दाराशी गेली, ती तांदूळ निवडत होती. बस म्हणे. बसली. मीही तिच्या सुपातले खडे काढायले लागली. अर्धा तास काढले. तांदूळ साफ झाले, मी उठून आली.
परत येऊन पाह्यलं तं सुधी गठ्ठ्याजवळ बसलेली. म्हणे, "सांगतलं?" मी म्हटलं, तिले तं माहीतच आहे. सुधी म्हणे, "तिले माहीत आहे आजी. शेटजीले कुठं माहीत आहे?"
खरं म्हणजे तेच. शे.ले सांगून काय होते, ती तं हसून गूळ देईन. दुकानात सांगा लागते. अन् दुकानात सांगतलं की कागदावरचा तो मोठा "सू" खोडतील.
दोघींनाही देतील का? एखाद्या वेळेस देतीलही. एखाद्या वेळेस दोघींनाही नाही.
सुधीले म्हटलं, उद्या माझ्याजवळ बस. का म्हणून विचारलं नाही तिनं. तिनं चादर नीट केली, अन् पंधरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्या मांडीवर डोकं टेकलं.
गणपत उद्या साडेदहाले येते. गल्लीत त्याले आधी शे.चं दार लागते, मग माझं. ओट्यावर उभी राहिली तं दोन्ही दारांत ऐकू जाईन एवढा माझा आवाज आहे अजून. निदान होता.